देवाची काठी आणि खजिन्याची किल्ली

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करण्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे सोलापूर जिल्ह्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर धर्मग्रंथ सावकाश, मुळाशी ताडून वाचण्याची जुनी इच्छा मला पुरी करता आली. या दोन्ही गोष्टी ज्यांना ठाऊक आहेत अशी माणसे भेटली की एक प्रश्न हमखास निघतो. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या बायका तो अगदी थोडक्यात विचारतात, "अक्का, देव त्यांना बघून घेईल ना?" यातले 'ते' म्हणजे एका बुडालेल्या पतसंस्थेचे संचालक होत, विड्या वळून साठवलेले या बायकांचे पैसे त्या संस्थेत अडकले आणि परत मिळाले ते फार थोडे. शिकलेले परिचित हाच प्रश्न जरा लांबवून विचारतात. चोरी करणाऱ्याला शिक्षा होतेच असे सगळे धर्म सांगतात, तर मग सार्वजनिक पैसा खाणारी माणसे सुखात कशी राहतात, आणि प्रामाणिक नेतृत्वाची आशा आपण कशाच्या जोरावर धरायची, असे ते विचारतात. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

माझे उत्तर आधीच सांगून टाकते. चोरी पचत नाही यावर माझी श्रद्धा आहे. परंतु चोराला शिक्षा करण्याचे काम देवावर सोपवून आपण मोकळे व्हावे, असे मी वाचलेल्या एकाही धर्मग्रंथात मला सापडलेले नाही. उलट, सत्तेवर बसलेल्या माणसाच्या चोरीबद्दल हे ग्रंथ आपल्यापेक्षा कितीतरी अधिक कठोर आहेत, आणि ती कठोरता आपण सोयीने विसरलो आहोत.

आपल्याला आठवतात ते नरक. घरात कोणी गेले की गरुडपुराण वाचले जाते आणि यमदूतांची वर्णने लहान मुलांच्याही कानावर पडतात. भागवताच्या पाचव्या स्कंधात दुसऱ्याचे धन हिरावणाऱ्यासाठी तामिस्र नावाचा काळोखा नरक सांगितला आहे, तर सोने आणि रत्ने चोरणाऱ्याची कातडी तापलेल्या सांडशीने ओढली जाते तो संदंश. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात धान्य चोरणारा उंदीर होतो, दूध चोरणारा कावळा होतो आणि तूप चोरणारा मुंगूस होतो. ही वर्णने मी हसण्यावारी नेत नाही, कारण ज्या काळात पोलीस नव्हते आणि दाराला कुलूपही नव्हते, त्या काळात पुष्कळ हात याच भीतीने आवरले गेले असतील. मात्र या भीतीची वाटणी कशी झाली ते पाहिले पाहिजे. घरातला दागिना हरवला की मंतरलेले तांदूळ चावायला देण्याची रीत आपल्याकडे होती. ज्याचे तोंड कोरडे पडेल आणि तांदूळ कोरडेच बाहेर येतील तो चोर. स्मृतींमध्येही चोरीच्या संशयासाठी तंदुलदिव्य सांगितलेले आहे. पण हे तांदूळ कोणाच्या हातावर ठेवले जात, हे आपल्या आजी-पणजींना विचारले असते तर त्यांनी धुणेभांडी करणारी बाई, गडी आणि आश्रित नातेवाईक यांचीच नावे घेतली असती. घराच्या मालकाचे तोंड कोरडे पडते का, हे कोणी तपासून पाहिले नाही.

आता त्याच मनुस्मृतीचा आठवा अध्याय पाहा. ज्या चोरीसाठी सामान्य माणसाला एक कार्षापण, म्हणजे त्या काळचे एक नाणे, दंड, त्याच चोरीसाठी राजाला एक हजार कार्षापण दंड, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्याच्या पुढच्या श्लोकांत चोरीचे पाप शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट, शंभरपट किंवा एकशेअठ्ठावीसपट लागते असे सांगून कारणही दिले आहे, की तो गुणदोष जाणतो. ज्ञान आणि अधिकार जितका मोठा तितका गुन्हा मोठा, असा हा हिशेब आहे. मला हे पुरते ठाऊक आहे की याच ग्रंथात इतर अपराधांसाठी जन्मावरून ठरणाऱ्या क्रूर आणि अपमानकारक शिक्षा आहेत, आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या ग्रंथाचे दहन झाले ते न्याय्य होते असेच मी मानते. माझे दुःख वेगळे आहे. ज्यांनी हा ग्रंथ शतकानुशतके प्रमाण मानला, त्यांनी खालच्यांना चिरडणारे श्लोक नेमके अंमलात आणले आणि वरच्यांना हजारपट दंड सांगणारा श्लोक पोथीतच राहू दिला.

राजाच्या जबाबदारीबद्दल स्मृती आणखी पुढे जातात. शिक्षा भोगलेला किंवा सोडून दिलेला चोर चोरीच्या पापातून सुटतो, पण जो राजा त्याला शासन करत नाही त्याच्या माथी चोराचे पाप येते, असे मनु सांगतो. याज्ञवल्क्य तर म्हणतो की चोरांनी नेलेले द्रव्य राजाने प्रजाजनाला दिले पाहिजे, आणि न देणाऱ्या राजाला त्याचे पाप लागते. मी हा श्लोक पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले, कारण बुडालेल्या संस्थांच्या ठेवीदारांचे चेहरे मला एकामागून एक आठवत होते. ठेवीदाराने भीक मागावी तशी अर्जविनंती करत कार्यालयांच्या पायऱ्या झिजवायच्या, ही आपली आजची रीत आहे. त्या स्मृतिकाराच्या लेखी मात्र चोरीला गेलेले धन परत मिळणे हा प्रजेचा हक्क होता आणि तो बुडवणारा राजा चोराच्याच पंक्तीला बसत होता.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित या दोन भावांची कथा आहे. ती मी अनेकांना सांगते. दोघे ऋषी, बाहुदा नदीच्या काठी वेगवेगळ्या आश्रमांत राहणारे. शंख बाहेर गेलेला असताना धाकटा लिखित त्याच्या आश्रमात आला आणि झाडावरची पिकलेली फळे तोडून खात बसला. शंख परतल्यावर त्याने विचारले, ही फळे कुठली? लिखित हसत म्हणाला, इथलीच. शंख म्हणाला, न विचारता घेतलीस म्हणजे ही चोरी झाली. राजाकडे जा, आपला अपराध सांग आणि चोराला मिळते ती शिक्षा मागून घे. लिखित गेला. सुद्युम्न राजा मंत्र्यांसह पायी त्याला सामोरा आला आणि शिक्षा देण्याचा अधिकार राजाला असेल तर क्षमा करण्याचाही आहे, असे म्हणून त्याला सोडू लागला. लिखिताने क्षमा घेतली नाही. शेवटी राजाने त्याचे दोन्ही हात तोडले. तो भावाकडे परतला तेव्हा शंखाने त्याला बाहुदेत स्नान करून तर्पण करायला सांगितले, आणि तर्पणासाठी ओंजळ करू जाताच त्याचे हात त्याला परत मिळाले. लिखिताने विचारले, तुझ्या तपात एवढे सामर्थ्य होते तर तूच मला आधी शुद्ध का केले नाहीस? शंखाने उत्तर दिले की दंड देण्याचा अधिकार माझा नव्हे. तू शुद्ध झालास आणि तुला दंड देऊन तो राजाही शुद्ध झाला.

हात तोडणे आपल्याला आज अमानुष वाटते, आणि ते वाटलेच पाहिजे. परंतु ही कथा कोण कोणाला सांगतो आहे याकडे लक्ष द्यावे. युद्धानंतर राज्य सोडून वनात जाऊ पाहणाऱ्या युधिष्ठिराला व्यास ती सांगतात. म्हणजे ती शासन करणाऱ्याला दिलेली शिकवण आहे. सख्ख्या भावाने चार फळे खाल्ली तरी त्याला पाठीशी न घालणारा शंख, सन्मान्य माणूस समोर आला म्हणून आधी डगमगलेला पण अखेर नियम पाळणारा सुद्युम्न, आणि मिळत असलेली माफी नाकारणारा लिखित या तिघांपैकी एकही आपल्या सार्वजनिक जीवनात सहजी दिसत नाही. आपल्याकडे संचालकाचा भाऊ थकबाकीदार निघाला की आधी वसुली थांबते.

इस्लाममध्ये चोरीला हात तोडण्याची शिक्षा आहे एवढेच बहुतेकांना ठाऊक असते, आणि त्यावरून एका समाजाविषयी वाटेल ते बोलले जाते. माझ्या कार्यालयातल्या एका ज्येष्ठ मुस्लिम सहकाऱ्यांनी मला या विषयाची दुसरी बाजू समजावून सांगितली आणि मग मी ती स्वतः वाचली. कुराणाच्या पाचव्या सूरेतील अडतिसाव्या आयतीत ही शिक्षा आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत पश्चात्ताप करून सुधारणाऱ्यावर अल्लाह कृपा करतो असेही आहे. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, एक प्रसंग येतो. मख्झूम या प्रतिष्ठित कुळातील एका स्त्रीने चोरी केली आणि तिच्यासाठी रदबदली सुरू झाली. तेव्हा पैगंबर म्हणाले की तुमच्या आधीचे लोक नष्ट झाले ते याचसाठी, की प्रतिष्ठिताने चोरी केली तर ते त्याला सोडत आणि दुबळ्याने केली तर शिक्षा करत. माझी मुलगी फातिमा हिने जरी चोरी केली असती तरी मी तिला हीच शिक्षा दिली असती. खलिफा उमर यांनी हिजरी १८ मधल्या भीषण दुष्काळात ही शिक्षा स्थगित ठेवली, कारण पोटासाठी हात लांबवणारा माणूस आणि चोर यांत त्यांनी फरक केला. हातिब नावाच्या एका गृहस्थाच्या गुलामांनी दुसऱ्याची उंटीण चोरून कापून खाल्ली, तेव्हा उमर यांना दिसले की मालक त्यांना उपाशी ठेवतो. चारशे दिरहमांच्या उंटिणीसाठी त्यांनी त्या मालकालाच आठशे दिरहम भरायला लावले. सोलापुरातल्या किती मालकांना हा निवाडा रुचेल, असा विचार माझ्या मनात येतो.

बौद्ध वाङ्मयात तर हा प्रश्न मुळापासूनच हाताळला आहे. दीघनिकाय या पाली ग्रंथातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात एक राजा प्रजेचे रक्षण करतो पण निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते आणि दारिद्र्यातून चोरी येते. पहिल्या चोराला राजा पैसे देऊन सोडतो, ते ऐकून आणखी लोक चोरी करतात. मग राजा शिरच्छेद सुरू करतो. लोक म्हणतात, राजा मान कापतो तर आपणही शस्त्रे घडवू आणि ज्यांना लुटू त्यांना जिवंत ठेवणार नाही. असे करत समाज इतका खालावतो की माणसांचे आयुर्मानच निम्म्यावर येते. याच निकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाला त्याचा पुरोहित सांगतो की लुटारू मारून किंवा बांधून संपणार नाहीत. शेती करणाऱ्याला बी-बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, सेवकाला पुरेसे वेतन दे, मग लोक आपापल्या कामाला लागतील आणि दारे उघडी ठेवून राहतील. अडीच हजार वर्षांच्या परंपरेतला हा सल्ला आहे आणि मला त्यात अजून काही कमी करण्यासारखे दिसत नाही.

जैन परंपरेचे ऋण मी माझ्या नोकरीसाठीही मानते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य, म्हणजे चोरी न करण्याच्या, व्रताला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत: दुसऱ्याला चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे, खोटी वजनमापे वापरणे आणि भेसळीचा किंवा बनावट माल खपवणे. एवढी नेमकी यादी मी कोणत्या कार्यालयीन परिपत्रकातही पाहिली नाही. विडी वळणारी बाई हजार विड्या घेऊन जाते, त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी तिला मिळत नाही आणि त्या विड्या मात्र तिच्या हाती परत येत नाहीत. हा अनुभव मला अनेक बायकांनी सांगितला आहे. या सूत्राप्रमाणे ती चोरीच आहे, आणि ती करणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. ख्रिस्ती शुभवर्तमानातला जकातदारांचा मुख्य जक्कय मला याच संदर्भात आठवतो. येशू त्याच्या घरी उतरल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. नुसते रडून त्याचा पश्चात्ताप संपला नाही.

सोलापूरकराने मात्र चोरीच्या शिक्षेविषयी बोलताना आपल्याच शहरातल्या एका भागाची आठवण ठेवली पाहिजे. आपण ज्याला आजही सेटलमेंट म्हणतो तिथे इंग्रज सरकारने माणसांना तारेच्या कुंपणात ठेवले होते, कारण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे काही जमाती जन्मतःच चोर ठरवल्या. त्यांनी गिरण्यांत राबायचे, हजेरी द्यायची आणि परवानगीवाचून बाहेर पडायचे नाही. आईच्या पोटातल्या मुलावर चोरीचा शिक्का मारणारा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. कुठे घरफोडी झाली की पहिला हात कोणाच्या दारावर पडतो ते सर्वांना माहीत आहे. धर्माच्या नावानेही हे घडले आहे. मंगळवेढ्याचे चोखोबा आपल्या अभंगात विठ्ठलाला हाक मारतात की बडवे मला मारत आहेत, विठोबाचा हार तुझ्या गळ्यात कसा आला असे विचारत आहेत. देवाच्या दारात भक्ताला चोर ठरवले गेले, आणि ठरवणारे होते देवळाचे उत्पन्न हाताळणारे. म्हणून कोणी चौकात उभे राहून चोरांचे हात तोडा, चोरांना फाशी द्या असे ओरडू लागला की मला आधी भीती वाटते. अशी कडक शिक्षा पहिल्यांदा ज्याच्यापर्यंत पोहोचते, तो कधीच मोठा चोर नसतो.

आता प्रामाणिक नेतृत्वाविषयी. त्यासाठी मी पुन्हा मंगळवेढ्यालाच येते, कारण आपल्या जिल्ह्यातल्या या एका गावाशी खजिना सांभाळणाऱ्या दोन माणसांच्या कथा जोडलेल्या आहेत आणि दोघांवरही सरकारी धन उधळल्याचा आरोप झाला होता.

पहिले बसवण्णा, म्हणजे महात्मा बसवेश्वर. कलचुरी बिज्जळाची सत्ता मंगळवेढ्याला होती तेव्हा ते तिथे हिशेबनीस म्हणून लागले आणि पुढे राज्याचे भांडारी झाले. त्यांच्या घरी रोज जंगमांच्या, म्हणजे फिरत्या शिवभक्तांच्या, पंक्ती उठत. हेवा करणाऱ्या दरबाऱ्यांनी राजाच्या कानात घातले की हा खजिना रिकामा करतो आहे. त्यांची चरित्रे सांगतात की राजाने विचारताच बसवण्णांनी पेट्या उघडून मोजणी करायला सांगितली, आणि मोजणीत एक नाणेही कमी भरले नाही. भक्त याला चमत्कार म्हणतात. मला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्यांनी संताप केला नाही, आपल्या भक्तीची साक्ष काढली नाही, विचारणारे धर्मद्रोही आहेत असे म्हटले नाही. किल्ली पुढे केली. कळबेड, कोलबेड, म्हणजे चोरी करू नको, हत्या करू नको, खोटे बोलू नको, असे सुरू होणारे त्यांचे वचन आपल्याकडे कन्नड बोलणाऱ्या घरांत लहान मुलांनाही पाठ असते. ते वचन राज्याची तिजोरी ज्याच्या हाती होती त्या माणसाने म्हटलेले आहे, हे त्या मुलांना सांगितले पाहिजे.

दुसरे दामाजीपंत. दुष्काळात माणसे पटापट मरताना पाहून त्यांनी बिदरच्या सुलतानाचे सरकारी धान्याचे कोठार उघडले आणि लोकांना जगवले. परवानगी नव्हती, म्हणून त्यांना पकडून बिदरला नेण्याचा हुकूम सुटला. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, दरबारात जाऊन धान्याची सगळी किंमत सोन्यात भरली आणि पावती घेतली. लेखापरीक्षक म्हणून ही कथा मला हलवून सोडते. भुकेल्यांसाठी केलेले, पूर्ण निःस्वार्थ काम, पण तरीही सरकारी कोठाराचा हिशेब पुरा व्हायला हवा, असे ती कथा रचणाऱ्या भक्तांना वाटले. इतके वाटले की त्यांनी त्यासाठी देवाला महाराचे रूप देऊन दरबारात उभे केले. भक्ताच्या पुण्याईवर हिशेब माफ झाला, असे त्यांनी लिहिले नाही. आज मात्र एखाद्या पुढाऱ्याने अन्नदान केले, मंडळाला वर्गणी दिली, देवळाला कळस चढवला की त्याने तो पैसा कुठून आणला हे विचारणे अधर्म ठरते.

या ठिकाणी शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या पंथातल्या संतांची, शिकवण फार कडक आहे. श्रमाने मिळवलेले असेल तेच दासोहात, म्हणजे समाजासाठी करायच्या अन्नदानात, चालते. आय्दक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून त्यावर निर्वाह करत असे. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा त्याला म्हणाली की हाव राजांना असते, शिवभक्ताला ती कशाला, आणि तिने ते जादा तांदूळ परत टाकून यायला लावले. ते तांदूळ कोणाचे चोरलेले नव्हते, फक्त त्या दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त होते. ज्या सिद्धरामेश्वरांनी सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, लोकांच्या श्रमातून तलाव खोदवला, त्यांची परंपरा ही आहे. जानेवारीत त्यांच्या यात्रेत नंदीध्वजांसमोर आपण श्रद्धेने उभे राहतो आणि त्याच गर्दीत ठेवीदारांना बुडवणाऱ्याला पुढची जागा देतो. ही गोष्ट मी तोंडावर बोलते, आणि त्यामुळे काही जण माझ्यावर नाराज आहेत.

तुम्ही आशेबद्दल विचारलेत. कोणी रामराज्याची वाट पाहतो, कोणी कल्कीची, कोणी महदीची. या आशांचा मी अनादर करत नाही, कारण त्यांच्या आधाराने पिचलेली माणसे जगली आहेत. पण छांदोग्य उपनिषदात अश्वपती राजा आलेल्या विद्वानांना सांगतो की माझ्या राज्यात चोर नाही, कंजूष नाही, मद्यपी नाही. तो अवतार नव्हता, राज्य करणारा माणूस होता. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र लिहून बजावले की इमानाने वागण्याची तू शपथ घेतली आहेस, तेव्हा रयतेच्या भाजीच्या देठालाही मन लावू नये. महाराजांनी चांगला सुभेदार नेमला आणि विश्वासाने सोडून दिला, असे झाले नाही. त्यांनी त्याला शपथेची आठवण लेखी करून दिली. माझी आशा या जातीची आहे. चांगला माणूस शोधून त्याच्या हाती किल्ली द्यावी, आणि मग त्याला वारंवार, आदराने पण न चुकता, पेटी उघडायला सांगावी.

कायदा आजही जुनी पायरी विसरलेला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण लोकसेवक किंवा बँकर यांनी सोपवलेल्या पैशाचा अपहार केला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधील कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी व्यक्तिशः निश्चित करता येते, आणि १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा मालमत्ता जप्त करू देतो. राजाला हजारपट दंड सांगणारा श्लोक असा कलमांच्या रूपात आपल्याकडे आहे. तो अंमलात येताना वर्षे जातात, स्थगिती येते, ठेवीदार थकतात आणि काही तर देवाघरी जातात. ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी वेदना आहे, कारण माझ्या हातून लिहिले गेलेले दोष-अहवालही असेच कपाटात पडून राहिलेले मी पाहिले आहेत.

विडी घरकुलातल्या बायकांना मी त्यांच्या प्रश्नाचे उत्तर काय देते, तेही सांगते. देव बघून घेईल, असे मी त्यांना म्हणते, कारण त्यांची श्रद्धा हिरावून घेण्याचा मला अधिकार नाही आणि ती माझीही श्रद्धा आहे. त्यानंतर मी त्यांना विचारते की तुमच्या बचतगटाचे पैसे सध्या ज्या संस्थेत आहेत तिचा अहवाल आणला का. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात, त्यामुळे ऑगस्ट उजाडला की आम्ही अहवालाची छापील पुस्तिका घेऊन बसतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचे शिक्षण तेलुगूत झाले आहे, काहींचे झालेलेच नाही. आकडे मात्र त्यांना पक्के कळतात. थकबाकीचे पान कोणते, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाचा तपशील कुठे असतो, लेखापरीक्षकाने कोणता वर्ग दिला आणि दोषांची पूर्तता झाली की नाही, हे त्यांनी आता स्वतः शोधायला सुरुवात केली आहे. गेल्या सभेत त्यांच्यातली एक उभी राहिली आणि तिने अध्यक्षांना विचारले, "दादा, मागच्या वर्षी या पानावर जी थकबाकी होती ती यंदा कमी दिसते. वसूल झाली, का नवीन कर्ज देऊन जुने फेडून घेतले?" अध्यक्षांनी उत्तर पुढच्या बैठकीत देतो असे सांगितले. तिने ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावले आणि मगच ती खाली बसली.